गिरखाचे कोरडे ओठ

शालवती नगरीवर राजा महासेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका अमात्यकुळात जन्मले आणि पुढे त्याच राजाचे मंत्री झाले. त्यांचे नाव ऋजुक. ‘मला हे समजले नाही’ असे भर दरबारात म्हणणारे ते एकटेच मंत्री होते. बाकीच्यांना सगळेच समजत असे, म्हणून राजा सल्ला मात्र ऋजुकांचा घेई.

एकदा शालवतीवर शत्रू चालून आला. राजाने डोंगराकडच्या शैलवन राज्याची मदत मागितली आणि तिथले सैनिक धावून आले. कांबळी पांघरणारी, कमी बोलणारी ती माणसे. त्यांची भाषा इकडे कोणाला येत नव्हती आणि इकडची त्यांना येत नव्हती. दोन्ही सैन्ये हातवाऱ्यांवर काम भागवून खांद्याला खांदा लावून लढली. मोठ्या लढाईच्या दिवशी शालवतीची डावी फळी मोडली आणि तिच्यातले जखमी नदीकाठी पडून राहिले. शालवतीच्या इतर माणसांना तिथवर पोचता येईना. शैलवनच्या सैनिकांनी बाणांच्या माऱ्यातून त्यांना पाठीवर घेतले आणि नदीपलीकडच्या आपल्या तळावर नेले. त्यांत नंदक नावाचा एक तरुण होता. त्याच्या पोटात भाला लागला होता.

शत्रू हटला. दुसऱ्या दिवशी राजाने नंदकाचा थोरला भाऊ चंडक याला आभार मानायला पाठवले. चंडक पथकाचा नायक होता. त्याच्याबरोबर थोडे सैनिक, गुळाच्या ढेपा आणि ऋजुक एवढे निघाले. वाटभर चंडक बोलायचे शब्द जुळवत होता. “माझा भाऊ तुम्ही मला परत दिलात,” एवढे म्हणताच तो अडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. ऐकणाऱ्यांना यातले काही कळणार नाही, हे त्याच्या ध्यानातही नव्हते.

तळावर नंदक गवताच्या अंथरुणावर पडला होता. त्याचे दोन्ही हात कापडाच्या पट्ट्यांनी खुंटांना बांधलेले होते. शेजारी पाण्याने भरलेला घडा होता आणि नंदकाला उचलून आणणारा शैलवनचा सैनिक घड्याला टेकून बसला होता. त्याचे नाव गिरख. नंदक पाणी मागत होता. गिरख घड्यात फडके बुडवी, घट्ट पिळी, नंदकाच्या ओठांवरून फिरवी आणि बाजूला ठेवी. एक थेंब आत जाऊ देत नव्हता.

“दादा, पाणी,” नंदक म्हणाला. “कालपासून मागतोय. देतच नाहीत रे.”

चंडकाने पलीकडे पाहिले. पायाला पट्टी बांधलेला शैलवनचा एक जखमी गाडगे तोंडाला लावून पेज पीत होता.

“यांच्या माणसाला पेज आणि आमच्या माणसाला ओले फडके?” असे म्हणत चंडक घड्याकडे धावला. गिरख आडवा आला.

“नाही,” तो म्हणाला. इकडच्या भाषेतला एवढा एकच शब्द त्याला येत होता. सैन्यात माणूस बहुधा तोच आधी शिकतो.

चंडकाने तलवार उपसली. मागची माणसे सरसावली, तसे शैलवनचेही उठले. काल एकमेकांसाठी रक्त सांडलेली माणसे आज एकमेकांवर शस्त्रे रोखून उभी होती आणि हे असे का झाले, ते कोणालाच उमगत नव्हते.

ऋजुकांनाही उमगत नव्हते. ज्याला मारायचे त्याला बाणांतून पाठीवर कोण आणील? आणि ज्याला जगवायचे त्याचे हात बांधून त्याला तहानेने कोण तळमळवील? दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांचा मेळ काही बसेना. नंदकाचा आवाज त्यांना ऐकवत नव्हता. घडा उचलून सरळ त्याच्या तोंडाला लावावा, असे त्यांच्याही मनात येऊन गेले.

मग त्यांची नजर गिरखाच्या तोंडाकडे गेली. त्याचे ओठ फुटून रक्त आले होते. ऋजुकांनी कमरेचा पाण्याचा तुंबा सोडून त्याच्यापुढे धरला. गिरखाने पाण्याकडे पाहिले, आवंढा गिळला आणि नंदकाकडे बोट दाखवून मान हलवली. “नाही.” ऋजुकांनी तोच तुंबा पेज पिणाऱ्या जखमीच्या सोबत बसलेल्या सैनिकापुढे धरला. तो गटागटा प्यायला.

“चंडका, तलवार ठेव,” ऋजुक म्हणाले. “हा माणूस भरल्या घड्याला टेकून तहानेला बसला आहे. छळणारा माणूस स्वतः पाणी पिऊन छळतो.”

“मग हे चाललंय काय, अमात्य?”

“ते मला अजून नीट समजलेले नाही. पोटाच्या अशा जखमेत पाणी घातक असावे आणि रोग्याला जे वर्ज्य ते सोबत बसणाऱ्यालाही वर्ज्य, अशी यांची रीत असावी.”

“आणि तुमचा अंदाज चुकला तर?”

“तर नंदक माझ्यामुळे गेला, असे सगळ्यांना सांग. पण तुझ्या हातचे पाणी पिऊन तो गेला, तर तू जन्मभर कोणाला काय सांगशील?”

एवढे बोलून ते गिरखाशेजारी बसले आणि त्यांनीही पाणी सोडले. मग चंडकही तलवार म्यान करून बसला. नंदकाने त्या दिवशी दादाला नाही नाही ते ऐकवले. चंडक मान खाली घालून ऐकत राहिला.

सकाळी शैलवनचा म्हातारा वैद्य आला. त्याने नंदकाचे पोट चाचपले, जखमेचा वास घेतला आणि हसून हातांच्या गाठी सोडल्या. गिरखाने एका द्रोणात थोडेसे पाणी घेऊन नंदकाच्या हातात दिले. नंदकाने द्रोण तोंडाशी नेला आणि तो थांबला. गिरखाचे ओठ त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिले होते. त्याने द्रोण गिरखापुढे धरला.

“नाही,” गिरख म्हणाला.

“नाही,” नंदकही म्हणाला, आणि त्याने हात मागे घेतला नाही.

गिरखाने एक घोट घेतला. उरलेले पाणी नंदक प्यायला. चंडकाला जुळवलेल्या शब्दांतला एकही आठवेना. त्याने वाकून गिरखाचे पाय धरले आणि ते मात्र तळावर सगळ्यांना समजले.

दूरदेशीचा एक भिक्षू आपल्या आजारी सोबत्याला उपाशी ठेवतो, अशी तक्रार घेऊन काही भिक्षू आले होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, विहारात ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा नंदक म्हणजे आज पलीकडच्या कुटीत पडलेला आजारी भिक्षू. चंडक म्हणजे तक्रार करणाऱ्यांत सर्वांत पुढे बसलेला. अमात्य ऋजुक मीच होतो. आणि गिरख म्हणजे ज्याच्याविषयी तुमची तक्रार आहे तो. त्याने स्वतः काही खाल्ले आहे का, हे तुमच्यापैकी कोणी विचारले?”

सर्वांत पुढे बसलेला भिक्षू उठला आणि कुटीकडे चालू लागला.

ज्याने आपल्या माणसाला पाठीवर आणले, त्याचे वागणे समजले नाही तरी त्याचा उपकार न विसरणे, ही कृतज्ञता. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी ती पाळली.