अर्ध्या पोटी पावसाळा

होड्यांवर नुकत्या लिथियमच्या बॅटऱ्या आल्या होत्या, त्या काळची गोष्ट. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली, तशी होडी हाकणाऱ्या चांगुणा तांडेलणीने होडीतल्या दोन बॅटऱ्या घरी आणल्या. एक शिशाची, उचलायला दोन माणसं लागतील अशी. दुसरी लिथियमची, काखेत मावणारी, पण ताकदीला तेवढीच.

शिशाची म्हणाली, "चांगुणा, आम्हा दोघींना गच्च भर आणि चुलीजवळ कोरड्यात ठेव. मी सहा पावसाळे असेच काढलेत."

"मावशी, तुम्ही भरून राहा," लिथियमची म्हणाली. "मला अर्धीच भरा, चांगुणाताई, आणि चुलीपासून लांब ठेवा."

"अर्ध्या पोटी दोन महिने? मरशील."

"माझी बहीण गेल्या साली तुमचं ऐकून भरल्या पोटी चुलीजवळ बसली. फुगली आणि परत उठलीच नाही. मला ऊब सोसत नाही आणि भरून नुसतं बसणंही सोसत नाही. मी हटणार नाही."

चांगुणाने ज्या त्या बॅटरीचं ऐकलं.

नारळी पौर्णिमेला तिने दोघींना तपासलं. दोघी जाग्या होत्या.

"जगलीस की गं," शिशाची पुटपुटली.

लिथियमची चांगुणाकडे वळली. "आता मला काठोकाठ भरा. उद्या दर्यावर जायचंय."