मेधावर्ताचे काष्ठमौन

पूर्वी कृतयुगात, जेव्हा सर्पांना मनुष्याची वाणी येत होती आणि मनुष्यालाही त्यांचे ऐकून घेण्याची सवड होती, त्या काळी पयोष्णी नदीच्या उत्तर तीरावर कुशारण्य नावाचे विस्तीर्ण तृणवन पसरले होते. वृक्ष तेथे विरळच. जिकडे दृष्टी जाईल तिकडे पुरुषभर उंचीचे गवत, मधूनमधून वारुळे आणि नदीकडे उतरत गेलेली दर्भाची गच्च बेटे. सर्प म्हटला की लोकांना फणा तेवढा आठवतो. पण कुशारण्यात सर्पांची कुळे अनेक होती आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. फणाधारी दर्वीकर वारुळांतून राहत, अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे राजिमंत जमिनीच्या भेगांतून, आणि इवलीशी, तापट फुरशी माळावरच्या तापलेल्या दगडांखाली. ज्यांच्या पाठीवर साखळीसारखी तपकिरी मंडले असत, ते मंडली मात्र दर्भाच्या बेटांत वेटोळे घालून पडून राहत. आज आपण ज्यांना घोणस म्हणतो, ते याच कुळातले. त्या काळी हे मंडली सर्प अत्यंत अबोल होते, आणि इतर सर्पांप्रमाणे त्यांच्या माताही जमिनीत अंडी घालत.

या अरण्यात ऋषींचे आश्रमही होते, आणि ऋषी म्हटले की दर्भ आलाच. वर्षभराचा दर्भ श्रावणातल्या अमावास्येला उपटून आणायचा, ती दर्भग्रहणी अमावास्या. त्या दिवशी बेटाच्या काठावर उभे राहून ऋषी मोठ्याने तीन वेळा हाक देत, "सर्पमातांनो, आम्ही दर्भ न्यायला आलो आहोत. वाट द्या." मग गवत सळसळे, सर्प बाजूला होत. एखादीची अंडी तेथे असतील तर ती माता मान उंच करून जागा दाखवी, आणि तेवढी जागा सोडून ऋषी आपली खनित्रे, म्हणजे खणायची अवजारे, चालवीत. हा करार कोणी भूर्जपत्रावर लिहिला नव्हता, परंतु पिढ्यान्‌पिढ्या तो एकदाही मोडला नव्हता.

मेधावर्त मुनीचा आश्रम त्या बेटाला अगदी लागून होता. त्याची पत्नी प्रसूतीतच गेली आणि मागे ईषिका नावाची कन्या राहिली. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा मेधावर्ताने तिचे जातक मांडले आणि त्याच्या हातची लेखणी गळून पडली. सतरावे वर्ष काही तिला ओलांडता येत नव्हते. त्याने अन्नपाणी वर्ज्य करून ब्रह्मदेवाची आराधना केली. एकविसाव्या दिवशी प्रजापती प्रकट झाले आणि म्हणाले, "वत्सा, तुझ्या कन्येच्या ललाटी शंभर वर्षे लिहायला मी तयार आहे; पण त्यासाठी तू बारा वर्षे मौन पाळले पाहिजेस. या दर्भग्रहणीपासून बाराव्या दर्भग्रहणीच्या सूर्यास्तापर्यंत. त्या सूर्यास्ताला मी स्वतः वर द्यायला येईन."

मेधावर्त मुळातच कडक. नुसते मौन त्याला अपुरे वाटले. त्याने काष्ठमौन धरले, म्हणजे ओठ तर मिटायचेच, पण खूणही करायची नाही, टाळी नाही, मान हलवणे नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. लाकडाच्या ओंडक्याने राहावे तसे राहायचे. मुलीच्या जिवाचा प्रश्न होता, तेव्हा तसूभरही उणे राहू नये एवढीच त्याची इच्छा. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

अशी अकरा वर्षे गेली. खुणेवाचूनच बापाचे मन ओळखायला ईषिका शिकली. दर्भग्रहणीला तीच पुढे जाई, कोवळ्या पण खणखणीत आवाजात तीन हाका देई, आणि मागून मेधावर्त खनित्र घेऊन उतरे. पुढे तिचा विवाह झाला, ती पयोष्णीपलीकडे सासरी गेली. बारावे वर्ष उजाडले तेव्हा तिला नववा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी ती माहेरी यायला निघाली होती. अमावास्येला सायंकाळी पोचते, असा तिचा निरोप होता.

त्या अमावास्येला सकाळी मेधावर्त एकटाच बेटाच्या काठावर उभा राहिला. हाक द्यायला कोणी नव्हते. शेजारच्या आश्रमातून कोणाला बोलवावे तर खूण करावी लागली असती. जमिनीवर काठी आपटावी तर तीही एक प्रकारची हाकच. दर्भ न न्यावा, तर वर्षाची सगळी कर्मे अडणार, आणि लेकीच्या बाळंतपणाच्या कुटीत तर आजच दर्भ अंथरायचा होता. 'इतकी वर्षे मी यांच्या शेजारी राहतो,' तो मनाशी म्हणाला, 'माझी चाहूल यांना ओळखीची आहे. सरतील आपोआप.' असे म्हणून त्याने खनित्र उचलले.

तिसऱ्या घावाला काहीतरी मऊ लागले. त्याने माती दूर केली. मंडलिनी नावाच्या सर्पमातेची एकोणीस अंडी तेथे होती. एकही शाबूत नव्हते.

मंडलिनी ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती. हाक आली असती तर ती धावत आली असती. हाकेच्या भरवशावरच तर ती निर्धास्तपणे गेली होती. परत येऊन तिने ती ओली माती पाहिली आणि मुनीच्या हातातले खनित्र पाहिले.

"मुनिवर," ती म्हणाली, "आज अमावास्या, हे मला ठाऊक होते. हाक आली की येऊन जागा दाखवायची, असे ठरवून मी गेले. तुम्ही हाक का दिली नाहीत?"

मेधावर्त ओंडक्यासारखा उभा होता.

"मी भांडायला आले नाही. चुकून झाले असेल तर तेवढे तरी म्हणा. माझी एकोणीस लेकरे होती ती."

मेधावर्ताच्या डोळ्यांत पाणी दाटले. आणि येथेच तो चुकला. अश्रू हीही एक खूणच, त्याने व्रतभंग होईल, अशी त्याला धास्ती वाटली. अश्रू तिला दिसू नयेत म्हणून त्याने पाठ फिरवली, दर्भाची मोळी उचलली आणि तो चालू लागला.

मंडलिनीला दिसली ती फक्त पाठ. "जा," ती मागून म्हणाली, "तुझेही कोणी या वाटेने येईल. मीही हाक देणार नाही."

मेधावर्ताने ते ऐकले, पण पाऊल थांबले नाही. सूर्यास्ताला प्रजापती येणार आहेत. लेकीला शंभर वर्षे मिळाली की कोणता सर्प तिचे काय करणार? दिवसभर तो हाच हिशोब मनाशी घोळवीत राहिला. कुटी सारवून झाली, दर्भ अंथरून झाला, आणि दुपार कलल्यावर तो अंगणात येऊन नदीच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

सूर्यास्ताला दोन घटका उरल्या असताना ईषिका दिसली. जड पावलांनी, एक हात कमरेवर ठेवून ती येत होती आणि मागून सासरची वृद्ध दाई सुव्रता गाठोडे सांभाळत येत होती. बापाला पाहताच ईषिका हसली. त्याच क्षणी मेधावर्ताला आणखी कोणी दिसले. वाटेच्या कडेला, वाळल्या गवताच्या रंगात रंग मिसळून, मंडलिनी वेटोळे घालून बसली होती. ईषिका आणि तिच्यामध्ये पाच-सहा पावलांचे अंतर होते.

बोलावे तर व्रत मोडते, आणि ज्या आयुष्यासाठी बारा वर्षे ओठ शिवले तेच हातचे जाते. न बोलावे तर पुढे मंडलिनी आहे. हात वर करावा, तर तेही तेच. पाच पावले उरली. चार उरली. सर्प कदाचित दंश करणार नाही. तीन. सूर्य अजून डोंगरावर होता.

"ईषिके, थांब!"

बारा वर्षे न वापरलेला तो आवाज घोगरा, फाटका, विचित्र निघाला. आणि दैवाची क्रूरता पाहा, ईषिकेने तो ओळखलाच नाही. पाचव्या वर्षानंतर बापाचा स्वर तिच्या कानी पडला नव्हता. तात तर बोलत नाहीत, मग कोण हा परका माणूस ओरडतो म्हणून तिने इकडेतिकडे पाहिले, आणि उचललेले पाऊल पुढे पडले.

मंडलिनीने आवाज न करता दंश केला.

मेधावर्त धावत गेला. सुव्रतेने पाय घट्ट बांधला, जखमेवर मुळ्या ठेचून बांधल्या. पण मंडलीचे विष चढत होते आणि त्यातच ईषिकेला कळा सुरू झाल्या. बापाने तिचे मस्तक मांडीवर घेतले.

"मघाशी कोण ओरडले, तात?" तिने विचारले.

"मी, बाळ. मीच ओरडलो."

"तुम्ही?" त्या वेदनेतही तिचे डोळे चमकले. "तुमचा आवाज असा आहे होय! मी किती वेळा मनात आणून पाहिला, पण असा कधी नाही आला. पुन्हा बोला ना."

मेधावर्त बोलत राहिला. काय बोलला ते त्यालाही आठवले नाही. तिची आई कशी हसे, ईषिका स्वतः लहानपणी दर्भाच्या बाहुल्या कशा करी, असे काहीबाही. ईषिका ऐकत होती. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा सुव्रतेच्या हातात एक मुलगी रडली, आणि ते रडणे ऐकता ऐकताच ईषिकेने डोळे मिटले.

तेव्हा मेधावर्त उठला. मंडलिनी पळाली नव्हती, जागच्या जागी होती. त्याने कमंडलूतले पाणी हातावर घेतले आणि गर्जना केली, "हे पापिणी, तुझा वंश या क्षणी भस्म होवो!" पाणी बोटांतून खाली धुळीत पडले. काहीच झाले नाही. व्रत मोडले होते आणि त्याबरोबर बारा वर्षांचे तपोबलही गेले होते.

दिल्या शब्दाप्रमाणे प्रजापती ब्रह्मदेव त्या वेळी तेथे प्रकट झाले. ते सर्व पाहून त्यांनी चारही मुखे खाली घातली.

"भगवन्," मेधावर्त म्हणाला, "मला एवढेच सांगा. ही माझ्या बोलण्याने गेली की माझ्या न बोलण्याने?"

"मेधावर्ता," प्रजापती म्हणाले, "मी तुला वाणी सोडायला सांगितले होते, करुणा सोडायला नव्हे. काष्ठ व्हायचे तूच ठरवलेस. अश्रूंनी माझे कोणतेही व्रत मोडत नाही. सकाळी तू या मातेसमोर रडला असतास तर ती तुझ्याबरोबर रडली असती, आणि आता मी वर देऊन परत गेलो असतो. आता वर देणे माझ्या हाती उरले नाही."

मेधावर्त मटकन खाली बसला. इतका वेळ अडवून धरलेले अश्रू आता वाहू लागले, आणि ते मंडलिनीने पाहिले. बारा वर्षांच्या व्रताची गोष्टही तिला आताच कळत होती.

"पितामह," ती पुढे सरकून म्हणाली, "याचा शाप मला लागला नाही, म्हणून मीच मागते. मला वाटले होते, याला माझ्यासारखे रडताना पाहिले की माझे ओझे उतरेल. ते तसूभरही उतरले नाही. याच्या लेकीने माझे काही बिघडवले नव्हते. मी गुपचूप दंश केला, तो माझ्या कुळातल्या कोणाच्याही हातून पुन्हा होऊ नये. आमच्या जवळ कोणीही आले तर आम्हाला आवाज केल्यावाचून राहवू नये, मग त्या आवाजाने आम्ही उघडे पडून मारले गेलो तरी चालेल."

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले.

तेव्हा मेधावर्ताने मान वर केली. सुव्रतेच्या पदरातली मुलगी रडून रडून थकली होती. "भगवन्, मला वर नाही हे मी जाणतो," तो म्हणाला, "पण या सर्पमातेसाठी मागतो. ईषिका गेली, तरी तिचे लेकरू वाचले, कारण ते तिच्या पोटात होते. या मातेने आपली लेकरे जमिनीवर, आमच्या हाकेच्या भरवशावर ठेवली आणि आम्ही ती राखली नाहीत. यापुढे या कुळातल्या मातांनी अंडी उदरातच वागवावीत आणि पिल्ले जिवंतच जन्माला यावीत. मनुष्याच्या शब्दावर त्यांना पुन्हा विसंबून राहावे लागू नये."

प्रजापतींनी दोघांकडे पाहिले. "तेही तथास्तु," ते म्हणाले आणि अंतर्धान पावले.

मेधावर्ताने पुन्हा कधी मौन धरले नाही. नात मोठी होईपर्यंत तो तिच्याशी अखंड बोलत असे, इतका की शेजारचे मुनी वैतागून जात. पुढल्या दर्भग्रहणीला तिला कडेवर घेऊन तो बेटाच्या काठावर गेला आणि त्याने स्वतः तीन हाका दिल्या. गवतातून मोठा, लांबलचक फूत्कार आला. मंडलिनी तेथे होती आणि तिच्या भोवती बोटाएवढी जिवंत पिल्ले वळवळत होती. मुनी क्षणभर थांबला. तीही थांबली. मग तो बाजूने वळून दुसऱ्या बेटाकडे गेला.

कृतयुग सरले, सर्पांची वाणी गेली, कुशारण्यही उरले नाही. पण ते दोन वर आजही चालू आहेत. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. आणि तिच्या जवळ कोणी गेले की वेटोळे घालून ती असा फूत्कार सोडते की दहा पावलांवरचा माणूस दचकून उभा राहतो. लोक त्याला तिचा राग समजतात, काठ्या घेऊन धावतात, आणि त्या आवाजामुळेच ती सापडते आणि मारली जाते. खरे तर मंडलिनीने तेव्हाच पितामहांपाशी हे मान्य केले होते. तो आवाज ऐकू आला तर उभे राहावे आणि वाट सोडून बाजूने जावे. तेवढाच वेळ ईषिकेला मिळाला नव्हता.