कुरलीबेटाचा गोमा न्हावी

ऐका मंडळी, ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कुरलीबेटाच्या किल्ल्यावरचं निशाण सारखं बदलायचं. बेटावर न्हावी एकच, गोमा. कोळ्यांची हजामत तोच करायचा आणि किल्ल्यावरच्या शिपायांचीही. राज्य कोणाचं आलं नि कोणाचं गेलं, ते त्याला कधी नीट कळलंच नाही.

एकदा पहाटे गलबतं आली आणि उजाडेपर्यंत किल्ला पडला. हरलेले तीसेक शिपाई तटावरून उड्या टाकून कोळीवाड्यात शिरले. नव्या सरदाराने दवंडी पिटवली, "सूर्य माथ्यावर येईपर्यंत त्यांना हवाली करा. नाहीतर तेवढ्याच गावकऱ्यांची मुंडकी उडवीन."

गोमा चक्रावला. हे शिपाई कालपर्यंत कोळणींच्या पाट्यांतून मासळी ओढून नेत होते. शेजारची पोशीबाय धावत आली.

"गोमा, काय करायचं रे?"

"मला काय विचारतेस? हे आपले की परके, तेच मला समजेना."

"मलाही समजेना. पण माझ्या जाळ्याखाली एकजण आयशीला हाका मारतोय."

गोमाने हजामतीची धोपटी उचलली. आपण हे का करतोय, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने त्या शिपायाचं डोकं भादरलं, मिशी उतरवली. मग पोशीबायच्या नवऱ्याची हजामत केली. मग जो समोर येईल त्याची. शंभरांवर डोकी झाली, पण वस्तरा एकदाही दगडावर घासावा लागला नाही, असं म्हणतात. शिपायांचे कपडे बायकांनी चुलीत घातले.

सरदार आला तो बघतच राहिला. किनाऱ्यावर सगळे पुरुष लंगोटीवर, गुळगुळीत डोक्यांनी बसलेले.

"हे काय?"

"सुतक आहे, सरकार," गोमा म्हणाला.

"कोण मेलं?"

याचा विचार गोमाने केलाच नव्हता. तो गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

"अजून कोणी नाही, सरकार. पण दुपारी मरणार, असं आपणच सांगितलंत."

सरदाराने माणसं तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, असं म्हणतात. भाषेवरून ओळखू म्हणून त्याने बोलायला लावलं, तर सगळेच रडत होते. मारायचं कोणाला आणि सोडायचं कोणाला, तेच त्याला ठरवता येईना. शेवटी तो आपल्याच कपाळाला हात लावून किल्ल्यावर चढून गेला.

भादरलेले केस भरतीने नेले. तिथल्या खडकांवर आजही काळंच शेवाळ उगवतं, असं म्हणतात. काही शिपाई होड्यांतून निघून गेले, काही बेटावरच राहिले, संसाराला लागले. कोणते, ते कोणी सांगू शकत नाही. आपण वाचवले ते शत्रू की सोबती, हे गोमाला मरेपर्यंत उमगलं नाही. विचारलं की तो म्हणायचा, "डोकी होती बाबा."

किल्ल्यात आता नौदलाची चौकी आहे. माघ महिन्यात एक दिवस तिथले जवान खाली उतरतात आणि कोळ्यांच्या रांगेत, वाळूवर, हजामतीला बसतात. पैसे कोणी देत नाही, कोणी घेत नाही. त्या दिवशी न्हाव्याने एवढंच पाळायचं, समोर बसलेल्याला "कोणाचा रे तू?" असं विचारायचं नाही.