शिवणीतलं चार बोटं कापड

फार पूर्वी, माणसं कापड घेण्याआधी दोन दोन दिवस ते नुसतं चाचपून बघत, त्या काळी एका गावात एक कापडवाला शेठ राहत होता. गाव तांड्यांच्या वाटेवर होतं. रोज बैल आणि घोडी लादून व्यापारी यायचे, गावच्या विहिरीचं पाणी प्यायचे, गावची मडकी, घोंगड्या, गूळ विकत घ्यायचे आणि पुढच्या मुक्कामाला लागायचे. गावात पैसा खेळत होता, आणि त्यातला बराचसा खेळत खेळत शेठच्या दुकानात यायचा.

दुकान होतंही देखणं. पुढे पांढरीशुभ्र गादी, मागे छतापर्यंत रचलेली कापडाची थानं आणि बाजूच्या ओसरीवर ओळीने बसलेले बारा शिंपी. त्यांचा मुख्य एक म्हातारा शिंपी होता. तो शेठच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे बसत होता, म्हणून शेठ त्याला काका म्हणायचा.

शेठ काही वाईट माणूस नव्हता, पण भारी हिकमती. दर सणाआधी तो गावात दवंडी पिटवायचा, "ऐका होऽऽ! या सणाचा रंग मोरपंखी! गेल्या सणाचा डाळिंबी रंग आता म्हशीसुद्धा अंगावर घालून घेत नाहीत होऽऽ!" लोक खो खो हसायचे, आणि हसत हसत मोरपंखी कापड घेऊन घरी जायचे. पुढच्या सणाला जांभळा रंग यायचा आणि मोरपंखी बिचारा पेटीच्या तळाशी जायचा.

शेठची दुसरी हिकमत मात्र दवंडीत नसायची. त्या गावात जुनी पद्धत अशी होती, की पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे. म्हणजे शिवणीत आणि खालच्या दुमडीत चार बोटं कापड राखून ठेवायचं. पोर वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड मोकळं करायचं आणि नवी टीप घालायची. एक सदरा तीन वर्षं सहज जायचा. शेठने ही पद्धत बंद केली.

"काका," तो म्हणाला, "पोर तीन वर्षं एकच सदरा घालायला लागलं तर मी तीन वर्षं माश्या मारू का? आजपासून गिऱ्हाइकाच्या एकाही कपड्यात जास्तीचं कापड राहता कामा नये."

"गिऱ्हाइकाच्या एकाही कपड्यात नाही?" काकांनी विचारलं.

"एकाही नाही!"

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी डोंगराच्या पलीकडून नवा घाटरस्ता झाला आणि सगळे तांडे तिकडून जायला लागले. गाव काही उपाशी राहिलं नाही. शेतं होती, गुरं होती. पण हातात येणारा पैसा कमी झाला, आणि गावातल्या बायकांनी पदर खोचून काटकसर सुरू केली.

खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजा यायला लागली. आजोबांच्या उपरण्यातून नातवाची दोन झबली निघाली. दोन फाटक्या धोतरांचं एक धड धोतर झालं. कुणाच्या ठिगळाची टीप बारीक, यावरून विहिरीवर पैजा लागायला लागल्या. एका घरची डाळिंबी साडी तर त्या हंगामात पाच लग्नांना जाऊन आली, दर वेळी वेगळ्या बाईच्या अंगावर. पाचव्या लग्नात नवरीच्या आईने आधी साडीची विचारपूस केली आणि मग नेसणारीची.

इकडे शेठचं दुकान ओस पडलं. त्याने दर पंधरा दिवसांनी नवा रंग पुकारायला सुरुवात केली. दारात वाळ्याचं सरबत ठेवलं. येणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावायला माणूस बसवला. लोक आले, सरबत प्यायले, अत्तर लावून घेतलं, कापड बोटांत धरून "किती वर्षं टिकेल हो?" असं विचारलं आणि निघून गेले. गावाला छान वास यायला लागला, एवढाच काय तो फायदा झाला.

"गाव चिक्कू झालं, काका!" शेठ चिडून म्हणाला.

"चिक्कू नाही झालं, शेठ. बघून घ्यायला लागलंय."

गावदेवीची जत्रा महिन्यावर आली होती. वर्षातलं निम्मं कापड त्या एका जत्रेला खपायचं. शेठने बाराही शिंप्यांना समोर बसवलं आणि पडलेल्या आवाजात सांगितलं, "ही जत्रा कोरडी गेली, तर मला दुकान बंद करावं लागेल. तुम्ही आपापली सोय बघून ठेवा." शिंप्यांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या. सुईशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेठलाही फार वाईट वाटलं, त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अशा वेळी एक फिरता व्यापारी दुकानात आला. त्याच्या खांद्यावर एक थान होतं, चकचकीत आणि कडक, हातात धरलं की वाजणारं.

"शेठजी, तुमच्या मालाच्या निम्म्या किमतीत देतो," तो म्हणाला. "तुमच्या लोकांना स्वस्त पाहिजे ना? मग घ्या! दोन धुण्यांत जाईल, पण गेलं तर बरंच की. पुन्हा तुमच्याकडेच येतील."

शेठचे डोळे चमकले. काकांनी मात्र थान जवळ ओढलं, अंगठ्याने चोळलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "शेठ, ही सगळी खळ आहे. मधून मधून थोडं कापडही दिसतंय."

"तुम्ही गप्प बसा हो, काका!" शेठ म्हणाला. व्यापाऱ्याला त्याने सांगितलं, की बाजाराच्या दिवशी गाड्या भरून घेऊन या. व्यापारी नमुन्याचं थान ठेवून गेला.

बाजाराचा दिवस उजाडला. गाड्या अजून आल्या नव्हत्या, पण एक कुंभारीण आली. बरोबर तिची आठ वर्षांची मुलगी तानी. तानीचा परकर गुडघ्यांच्या वर गेला होता आणि ती तो दोन्ही हातांनी खाली ओढत होती.

"शेठजी, गेल्या वर्षी तुमच्याकडंच शिवला होता," कुंभारीण म्हणाली. "पोरीला जत्रंला घालायचा हाय. तेवढा मोकळा करून द्या की."

काकांनी परकराची दुमड उलटी करून बघितली. आत काहीच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, कारण शिवण त्यांच्याच हातची होती.

"अहो बाई, जुनं कशाला उकरता?" शेठ घाईघाईने म्हणाला. "हे बघा, नवीन कापड आलंय. एकदम स्वस्त!"

कुंभारणीने नमुन्याचं कापड हातात घेतलं. माती पारखणारी बोटं ती. तिने जिभेवर बोट ओलं करून कापडावर घासलं. बोटाला पांढरी खळ लागली आणि कापडातून पलीकडचा शेठ दिसायला लागला.

"न्हाई शेठजी," ती हसून म्हणाली. "स्वस्त मला परवडत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी, हे दोन महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागंल. मला एकदाच घ्यायचं हाय. तसलं असंल तर दाखवा, मी चार पैसं जास्त देते."

शेठ वैतागला. काहीतरी दाखवायचं, म्हणून वरच्या फळीवरचं जाड थान काढायला त्याने हात उंच केले, आणि पाठीमागे टर्रकन आवाज झाला. त्याचा आवडता डगला काखेपासून कमरेपर्यंत उसवला. पुढचं एक बटण उडून सरळ सरबताच्या पेल्यात पडलं. तानी इतकी हसली, की परकर ओढायचाही विसरली. बाराही शिंपी खाली बघून खांदे हलवत होते.

"काढा तो डगला," काका म्हणाले. "अंग भरलंय तुमचं."

"गेला माझा डगला!" शेठ कळवळून म्हणाला. "यात शिरल्याशिवाय मला दुकानात बसल्यासारखं वाटत नाही हो."

काकांनी डगला मांडीवर घेतला. दोन्ही बाजूंच्या शिवणी सरसर उसवल्या आणि आत दुमडून ठेवलेलं कापड बाहेर ओढलं. चार बोटं इकडून, चार बोटं तिकडून. रंगसुद्धा अगदी नव्यासारखा. मग टीप मारली, बटण धुऊन लावलं आणि डगला शेठच्या पुढे धरला. कुंभारीण पाय पसरून बसली होती, तोवर तिचं सरबतही संपलं नव्हतं.

शेठने डगला चढवला. हात वर केले, खाली केले, गर्रकन फिरला. पोट सुखाने मोकळं झालं. लहान मुलासारखा त्याचा चेहरा फुलला.

"वा! हा तर नवाच झाला!" आणि मग एकदम थांबून त्याने विचारलं, "पण काका, आत कापड ठेवायचं नाही असं मी बजावलं होतं ना?"

"गिऱ्हाइकांच्या कपड्यांत नको म्हणाला होतात," काका म्हणाले. "तुमच्या डगल्याबद्दल काही बोलला नव्हता."

ओसरीवर हशा पिकला. शेठही हसायला लागला, पण हसता हसता त्याचं लक्ष तानीकडे गेलं. तिने पुन्हा परकर धरला होता. शेठच्या मनात आलं, हा डगला मी नऊ वर्षं घालतोय. सगळ्या गावाला दर सणाला नवा रंग घ्यायला लावला, आणि स्वतः एकच डगला जिवापाड सांभाळत बसलो. मला जे आवडतं तेच या पोरीला द्यायला मी नको म्हणालो. त्याला भर दुकानात लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

"बाई, चूक माझी आहे," तो कुंभारणीला म्हणाला. "परकर ठेवून जा. पोरीला जत्रेत घालता येईल असा करून देतो."

तेवढ्यात दारात गाड्या येऊन थांबल्या. फिरता व्यापारी हात चोळत उतरला. "चला शेठजी, माल उतरवू?"

शेठने बारा शिंप्यांकडे बघितलं. जत्रेला तीन आठवडे उरले होते. माल परत पाठवला आणि डाव फसला तर या सगळ्यांच्या चुली विझणार होत्या. तरी तो म्हणाला, "नमुन्याचं थानही गाडीत टाका. आमच्या लोकांना स्वस्त परवडत नाही."

व्यापाऱ्याला काही कळलं नाही. गाड्या पुढच्या गावाला गेल्या.

त्याच दुपारी दवंडी फिरली, "ऐका होऽऽ! आखूड झालेलं, घट्ट झालेलं, फाटलेलं घेऊन या होऽऽ! वाजवी पैशांत नीट करून मिळेल! नवा कपडा शिवाल तर आत चार बोटं कापड राहील, आणि पोर वाढेल तेव्हा दुकान फुकट मोकळं करून देईल होऽऽ!"

पहिल्या दिवशी लोकांना ही थट्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी तीन गोधड्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

तानीच्या परकरात तर आत कापडच नव्हतं. मग काकांनी दुकानातल्या पेट्यांच्या तळाशी उरलेले जुने रंग बाहेर काढले, डाळिंबी, मोरपंखी, जांभळा, आणि त्यांच्या पट्ट्या जोडून परकराला खाली रुंद घेर लावला. दुमडीत पुढच्या वर्षासाठी कापडही राखलं. जत्रेत तानीने गिरकी घेतली आणि तिन्ही रंग एकदम फिरले. झालं! बघता बघता गावातल्या सगळ्या पोरींना तसाच घेर पाहिजे झाला. मग त्यांच्या आयांना. मग जत्रेला आलेल्या परगावच्या सासुरवाशिणींना. दवंडी न पिटता आलेली ती गावातली पहिली फॅशन. त्या रंगांना म्हशींवरून नावं ठेवणारा शेठ पट्ट्या कापून कापून थकला, आणि एवढा खूश तो कधीच झाला नव्हता. बारा शिंप्यांना जेवायला फुरसत नव्हती. जत्रेनंतर शेठने आणखी दोघांना बसवून घेतलं.

पूर्वीइतकी थानं काही खपली नाहीत, हे खरं. पण जे खपायचं ते जाड, पक्क्या रंगाचं आणि पुरेशा किमतीचं. ज्या दुकानात जुनं नीट करून मिळतं, तिथलं नवं खोटं नसणार, असं लोक म्हणायला लागले. लग्नाचा बस्ता बांधायला पंचक्रोशीतली घरं तिथेच यायला लागली.

वर्षभराने तो फिरता व्यापारी पुन्हा दारात आला. बिचारा पायी आला होता. पुढच्या गावात त्याचं कापड पहिल्या धुण्यातच विरलं होतं आणि तिथल्या बायका धोपटणी घेऊन अजून त्याला शोधत होत्या. दुकानात ही गर्दी! आया, पोरं, उसवलेले सदरे, हसणं, आरडाओरडा. आणि मधोमध शेठ, तोंडात दोरा धरून एका पोराचं माप घेत बसलेला.

"शेठजी, आज किती थानं खपली?" व्यापाऱ्याने अधाशीपणे विचारलं.

"आज? एकही नाही."

"मग एवढी गर्दी कसली?"

शेठने तोंडातला दोरा काढला आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात आनंदाने सांगितलं, "अहो, आज आमच्या गावातली नऊ पोरं मोठी झाली!"

तात्पर्य एवढंच: काटकसर करणारं गिऱ्हाईक पाठ फिरवत नाही, ते डोळे उघडून बघतं. आपण स्वतः जपून वापरू असा माल जो त्याला देतो, त्याचं दुकान लोक आपलं मानतात.