मध्यावरचा एक ठोका

दुसऱ्याचं दुखणं डोळ्यांनी दिसल्याशिवाय ज्यांना खरं वाटत नाही, त्यांनी आजवर किती माणसांना खोटं पाडलं, हे त्यांना कुणीतरी एकदा विचारायला हवं. "दिसायला तर ठणठणीत आहे," एवढं म्हणून ते पुढे निघून जातात. मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे बघायला ते थांबत नाहीत. ही गोष्ट त्यांनी थांबून ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं. गावाच्या वर काळ्या दगडाची खाण होती. तिथल्या पाट्या-वरवंट्यांना आसपासच्या सगळ्या बाजारांत मान होता. या गावात दोन रिवाज फार जुने होते.

पहिला दगडाच्या परीक्षेचा. छिन्नी लावण्याआधी दगडाच्या बरोबर मध्यावर हातोडीचा एक ठोका मारायचा. दगड खणखणीत वाजला तर कामाचा. बद्द वाजला तर आत पोकळी आहे असं समजायचं, कधीकधी त्या पोकळीत पाणीही निघे. अशा दगडावर चुन्याची फुली मारून तो ओढ्याकाठच्या ढिगात ढकलून द्यायचा. ठोका एकच. दुसरा कुणी मारत नसे.

दुसरा रिवाज ठिय्याचा. ठिय्या म्हणजे खाणीजवळच्या छपराखाली प्रत्येकाची काम करण्याची ठरलेली जागा. दरवर्षी खांडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ज्याने त्याने सगळ्यांसमोर आपला दगड स्वतः उचलून खाणीतून खाली आणायचा. ज्याला जमलं नाही त्याचा ठिय्या गेला.

या गावात धुरपा नावाची पाथरवटीण होती. तिने घडवलेला वरवंटा पाट्यावर असा फिरे की बाजारात बायका तिच्या हातचाच मागून घेत. आईकडून आलेली हातोडी आणि छपराखालचा तो ठिय्या, हेच तिचं सगळं होतं.

बत्तिसाव्या वर्षी तिची कंबर दुखू लागली. आधी वाटलं, वजनाने लचकली असेल. पण महिने गेले तरी दुखणं हटेना. माकडहाडापाशी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि तिथून एक आग पायाच्या टाचेपर्यंत धावत जायची. बसलं की वाढायचं. पाठीवर सरळ पडलं की जरा कमी व्हायचं. म्हणून ती थोडा वेळ उभ्याने काम करी, मग छपराखाली घोंगडी टाकून आडवी होई, मग पुन्हा उठे.

शेजारच्या ठिय्यावरची पारूबाई तोंडाने फटकळ होती. ती म्हणायची, "काय गं धुरपे, आज पण छपराला डोळे लावून पडलीस? वासे मोजून झाले का?"

"झाले," धुरपा पडल्या पडल्या म्हणायची. "बावीस आहेत. त्यातल्या एकाला वाळवी लागलीय. तात्यांना सांग."

तात्या म्हणजे खाणीचे मुकादम, रावजी तात्या. त्यांनी वासा ठोकून पाहिला. वाळवी खरंच निघाली. पण त्यावरून धुरपाचं बाकीचं बोलणंही खरं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. हाड मोडलेलं नाही, सूज नाही, जखम नाही. मग दुखतंय काय? लोक म्हणू लागले, "आळस चढलाय."

फक्त तिच्या नवऱ्याला, गेनूला, पुरावा लागला नाही. अंथरुणात कूस बदलताना तिचा श्वास अडकायचा, तो त्याला ऐकू यायचा.

दोघं उपचाराला बाहेर पडली. गावच्या वैदूने तेल चोळलं. त्याने पाठीवर जोर दिला तशी धुरपा किंचाळली आणि त्या वाटेला पुन्हा गेली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हाडं उत्तम आहेत. बाई, जरा मन रमवा."

"मन रमलेलंच आहे, डॉक्टर," धुरपा म्हणाली. "पाठ रमत नाही."

दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच गोळ्या लिहिल्या. तिसरे म्हणाले, "बायकांचं असं होतंच." दोन वर्षं अशी गेली. दोन्ही खांडेनवमींना तिने दगड कसाबसा खाली आणला आणि नंतर आठ-आठ दिवस अंथरुणात काढले. प्रत्येक वेळी एसटीच्या बाकावर बसणं अशक्य व्हायचं, म्हणून ती दांडी धरून उभी राहायची आणि कुणी जागा दिली तर हात जोडून नको म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी ताठ्याची. परत येताना गेनू विचारायचा, "आता?" ती म्हणायची, "आता दुसरा डॉक्टर." एवढ्या वेळा खोटं ठरल्यावर माणूस स्वतःलाच खोटं समजू लागतो. धुरपा तसं समजली नाही. तिचं मोठेपण मला इथेच दिसतं.

शेवटी ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधीच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "बसल्यावर जास्त की उभं राहिल्यावर? पडल्यावर किती वेळात कमी होतं? पायाला मुंग्या कुठून कुठपर्यंत येतात?" मग त्यांनी तिच्या पाठीवर बोट टेकवत टेकवत एक एक मणका तपासला. इथे दुखतं का? इथे? आणि इथे?

धुरपाला हे नवं होतं. आजवर सगळ्यांनी एकाच जागी बघून निकाल दिला होता. ती म्हणाली, "बाई, मी दगडातली माणूस. मला एवढंच कळतं, की माझी पाठ वरून खणखणीत आहे आणि खाली बद्द वाजते. आत कुठंतरी पाणी आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा एमआरआय करायला सांगितला. बोगद्यासारख्या यंत्रातून धुरपाच्या कण्याचे फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी फिल्म काचेवर लावली आणि बोट ठेवलं. "हे पाहा, धुरपाबाई. कण्याच्या अगदी खाली, नसांच्या मुळाशी पाण्याने भरलेल्या गाठी आहेत. एक, दोन, तीन. बऱ्याच लोकांना अशा गाठी असतात आणि काही त्रास होत नाही. तुमच्या मात्र नसांवर दाब देतायत."

धुरपा रडू लागली. डॉक्टरीणबाई घाबरून म्हणाल्या, "अहो, कर्करोग नाही हा."

"त्यासाठी नाही, बाई," धुरपा डोळे पुसत हसली. "आहे ना? काहीतरी आहे ना खरंच?"

मग बाईंनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन करता येतं, पण जोखीम आहे आणि गुण येईलच असं नाही. आधी औषध, ठरावीक व्यायाम, दर तीन महिन्यांनी तपासणी. जड उचलायचं नाही. सलग बसायचं नाही. दुखणं पूर्ण जाईल, असा शब्द त्यांनी दिला नाही. धुरपाला तेही आवडलं. खोटा शब्द तिला नकोच होता.

ती गावी आली ती खांडेनवमीच्या आदल्या दिवशी. फिल्म घेऊन थेट छपराखाली गेली. तात्यांनी ती उन्हाकडे धरली. लोक गोळा झाले. काळ्या फिल्मवर पाण्याचे पांढरे फुगे सगळ्यांना दिसले. पारूबाईचा हात तोंडावर गेला.

आता गावाने तिच्यावर विश्वास ठेवला. आणि लगेच दुसरी चूक केली, जी पाथरवटांच्याच गावात होऊ शकते. तात्यांनी फिल्म तिच्या हातात परत दिली. मग मायेनेच म्हणाले, "पोरी, आमचं चुकलं. तू खोटी नव्हतीस. पण पोटात पाणी असलेल्या दगडाचं आपण काय करतो, ते तुलाही ठाऊक आहे. उद्या तू दगड आणू नकोस. ठिय्या सोड. घरी पडून राहा. आम्ही तुला काही कमी पडू देणार नाही."

काल ती खोटी होती म्हणून नकोशी होती. आज खरी ठरली, म्हणून नकोशी झाली!

फिल्म गुंडाळून धुरपा घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. गेनू म्हणाला, "उद्या तुझा दगड मी आणतो. भांडण झालं तर होऊ दे."

"नको," ती म्हणाली. "तू आणलास तर ठिय्या तुझ्या पाठीवर राहील. मला माझ्या हातावर हवाय." थोड्या वेळाने तिने मान वळवली. "पण उद्या सकाळी माझी घोंगडी ओढ्याकाठी नेऊन टाक. फुलीच्या ढिगापाशी."

खांडेनवमीला पूजा झाली. हत्यारांवर झेंडूची फुलं वाहिली. एकेक जण खाणीतून दगड घेऊन उतरू लागला. तेवढ्यात ओढ्याकडून हातोडीचा आवाज आला. टण. टण. बद्द. टण.

सगळे तिकडे वळले. धुरपा एका फुलीच्या दगडापाशी उभी होती. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात कोळसा. ती दगड वाजवत होती. मध्यावर नाही, सगळीकडे. वर, कडेला, खाली, बोटभर अंतराने. आवाज बदलला की तिथे कोळशाची खूण करत होती. मध्येच ती सगळ्यांदेखत घोंगडीवर आडवी झाली. दात आवळून आभाळाकडे बघत राहिली. कुणीही वासे मोजण्याची गोष्ट काढली नाही. मग ती कोपरावर रेलून उठली आणि पुन्हा वाजवू लागली. शेवटी खुणा जोडून तिने दगडावर एक वाकडी रेघ ओढली.

"तात्या," ती म्हणाली, "ही फुली तुम्ही मारलेली. गेल्या शिमग्याला."

"मीच मारली. बद्द वाजत होता."

"मध्यावर बद्द वाजत होता. बाकी ठिकाणी विचारलं होतंत का त्याला?" तिने रेघेवर बोट ठेवलं. "पाणी इथपर्यंत आहे. इथून पुढं दगड खणखणीत आहे. फोडा."

तात्यांचा चेहरा लाल झाला. चाळीस वर्षं दगड पारखणाऱ्या माणसाला चारचौघांत असं बोललेलं कुणालाही लागलं असतं. पण त्यांनी घण मागवला, रेघेवर छिन्न्या रोवल्या आणि घाव घातले. चौथ्या घावाला दगड दुभंगला. वाटीभर पाणी मातीत सांडलं. पोकळीच्या आत पांढरे स्फटिक चमकले. आणि रेघेच्या पलीकडे दगडाचा अर्ध्याहून मोठा भाग एकसंध, काळाभोर उभा होता. त्यात अख्खा पाटा बसला असता.

तात्यांनी त्याच्यावर ठोका मारला. खण्ण. त्यांनी दुसऱ्या जागी मारला, तिसऱ्या जागी मारला. मग हातातली हातोडी खाली ठेवली आणि त्या भल्यामोठ्या ढिगाकडे बघत राहिले. आजोबांपासूनच्या फुल्या होत्या तिथे.

"पोकळी असल्यामुळे दगड काही चांगला झाला नाही, तात्या," धुरपा म्हणाली. "ती नसती तर बरंच होतं. पण ती कुठे आहे हे कळलं, म्हणून बाकीचा दगड वाचला. माझ्यात पाणी कुठे आहे ते मला कळलंय. आता उरलेली मी कुठे आहे, ते तुम्ही बघा. मला दगड वाहता येणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. पण या ढिगातला एकेक दगड मी वाजवून देईन. त्याच्या बदल्यात माझा दगड कुणीतरी खाली आणावा. ही भीक नाही, कामाची अदलाबदल आहे. पटत असेल तर ठिय्या ठेवा."

मग रावजी तात्या, ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याचा दगड उचलला नव्हता, खाणीत चढले. खाली आले ते खांद्यावर दगड घेऊन. तो त्यांनी धुरपाच्या ठिय्यावर ठेवला आणि धापा टाकत म्हणाले, "वाजवून घे गं. सगळीकडून."

धुरपा बरी झाली नाही. ही गोष्ट तशी नाही. काही दिवस दुखणं तिला उठूही देत नाही. ती औषध घेते, व्यायाम करते, दर तीन महिन्यांनी एसटीची दांडी धरून शहरात जाते आणि ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरीणबाईंबरोबर विचार करून घेणार आहे. तिच्या ठिय्यावर आता उभ्याने काम करण्यासाठी उंच ओटा आहे आणि बाजूला पडायला फळी आहे. ओढ्याकाठचा ढीग अर्ध्यावर आला आहे. खांडेनवमीला दगड आता हातगाडीवरून खाली येतात, सगळ्यांचेच. गावात एक ठोका मारून कुणी दगडाचा निकाल लावत नाही.

तात्पर्य: ज्याचं दुखणं दिसत नाही त्याला खोटं म्हणू नये, आणि दिसलं म्हणून त्याला मोडीतही काढू नये. माणसाला नीट विचारावं, एकाहून अधिक वेळा विचारावं, आणि ज्याला दुखतंय त्याने उत्तर मिळेपर्यंत दार ठोठावणं सोडू नये.

पहिली हातगाडी खाली आली त्या संध्याकाळी पारूबाई धुरपाच्या फळीशेजारी येऊन टेकली. बराच वेळ वाशांकडे बघत राहिली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "धुरपे, पुढच्या खेपेला शहरात जाशील तेव्हा मला पण ने गं. गुडघा. तीन वर्षं झाली. ठिय्या जाईल म्हणून बोलले नाही."