गुरूची ओढ

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. तरुणपणी त्यांनी एक धूमकेतू पाहिला होता. तो पुन्हा केव्हा दिसेल, याचे गणित मांडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली; आणि उत्तर हाती आले तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता पाहण्याचे काम शिष्याकडे होते.

गणिताने सांगितलेला पंधरवडा सुरू झाला. सूर्य मावळला की शिष्य टेकडी चढे. वाटेत देवळातले पुजारीबुवा हसून विचारत, "आम्ही घंटा वाजवून वाट पाहतो, तुम्ही आकडे मांडून. फरक काय तो सांगा की." शिष्य नुसती मान डोलावून पुढची चढण धरी. खरे तर त्यालाही आताशा तसेच वाटू लागले होते. तो परत आला की अंथरुणाला खिळलेले आचार्य विचारत, "दिसला का?" त्या दोन शब्दांत इतकी आस असे, की 'नाही' म्हणताना तो नजर दुसरीकडे वळवी.

शेवटच्या संध्याकाळीही पश्चिमेला काहीच नव्हते. घरी येऊन तो आचार्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दिसला."

आचार्यांचा चेहरा उजळला. कुठे, किती उंचीवर, शेपटी कोणत्या दिशेला, सगळे त्यांनी खोदून खोदून विचारले. शिष्य भडाभडा सांगत गेला, तसा तो चेहरा उतरत गेला. उशाखालची गणिताची वही काढून त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"तू आकाशात पाहिलंस, की हिच्यात? माझा आकडा जसाच्या तसा कसा येईल? आभाळात बोटे धरून मोजताना अर्ध्या बोटाचा तरी फरक पडायला हवा होता."

"हिच्यात," शिष्य म्हणाला.

"पुजारीबुवा म्हणतात ते माझ्याही कानावर आलंय, आणि ते खरं आहे," आचार्य म्हणाले. "ओढ सारखीच असते, बाळा. पण देव दिसला नाही म्हणून भक्त देवाला खोटा ठरवत नाही, आणि ठरवूही नये. ती वाट वेगळी. आपल्या वाटेवर मी खोटा ठरू शकतो. मायेपोटी तू मला चुकूच दिलं नाहीस. मग धूमकेतू खरंच येईल तेव्हा त्याला शोधणार कोण?"

शिष्याने वहीत लिहिले, 'दिसला नाही.'

त्या हिवाळ्यात आचार्य गेले. शिष्य वर्षभर त्यांचे गणित पुन्हा पुन्हा मांडत राहिला, तेव्हा कुठे चूक सापडली. सगळे काही बरोबर होते, फक्त गुरू या ग्रहाची ओढ धरायची राहिली होती. त्या ओढीने धूमकेतूला दोन वर्षे उशीर होणार होता.

आणि त्या पंधरवड्याला दोन वर्षे झाली तेव्हा, सूर्य मावळताच, तो दिसला. शिष्य धावत टेकडी उतरला, पुजारीबुवांशीही न बोलता घरात शिरला आणि रिकाम्या अंथरुणापाशी थांबला. 'दिसला का' म्हणून विचारणारे तिथे कुणी नव्हते.

मग त्याने वही उघडली आणि आपल्या जुन्या ओळीखाली लिहिले, 'दिसला. माझ्या गणितापेक्षा अर्धे बोट बाजूला.'