सूनबाईचे डोहाळे

गावच्या दवाखान्याला कुलूप होतं आणि आत सरपंच दौलतरावांची खताची पोती. नर्सबाई झाडाखाली बसून परत जायच्या; बायका तालुक्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत व्हायच्या. सून तेजल बोलली की दौलतराव म्हणायचे, "आमच्या आया शेतात बाळंत झाल्या!"

तेजलच्या डोहाळजेवणाला मात्र ते पंगतीसमोर गरजले, "माग सूनबाई! चंद्र मागितलास तरी डोहाळे पुरवीन!"

"चंद्र राहू द्या, मामंजी. मला त्या दवाखान्यात बाळंत व्हायचे डोहाळे लागलेत. किल्ली द्या."

"बघू पुढं."

त्यांची म्हातारी आत्या कडाडली, "दौल्या, डोहाळे अडवले तर बाळाचे कान फुटतात!"

तेजलचा यावर काडीचा विश्वास नव्हता, पण तिनं किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली निघाली. दिवेलागणीपर्यंत पोती सरपंचांच्या ओसरीवर आली आणि आठवड्यात त्या दवाखान्यात कोतवालाची लेक सुखरूप बाळंत झाली.